मांजर एका डोळ्याने उंदीर बघत नाही

आयुष्यभर मी लोकांची लघवी तपासली. हे वाक्य एखाद्या लग्नाच्या पंगतीत म्हणून बघा. शेजारची बाई हळूच ताट उचलून दोन पाट पलीकडे सरकते. माझे मिस्टर ओझरच्या कारखान्यात विमानांवर काम करायचे. त्यांना नातेवाईक हौसेने विचारत, चाकं आत कशी जातात, पंख कसा बसवतात. मला फक्त एकदा त्यांच्या आत्याबाईंनी विचारलं, "तू कचेरीत नक्की काय करतेस गं?" मी सांगितलं. त्यानंतर आत्याबाईंनी माझ्या हातचं कधी खाल्लं नाही, आणि दर दिवाळीला माझा एका माणसाचा फराळ वाचला.

माझी नोकरी नाशिकच्या एका सरकारी प्रयोगशाळेत, विषं शोधण्याच्या विभागात. संशयास्पद मेलेल्या माणसांच्या आतड्या-काळजाचे तुकडे बरणीत भरून आमच्याकडे यायचे आणि जिवंत माणसांचं रक्त आणि लघवी बाटलीतून यायची. त्यात काय सापडलं ते आम्ही लिहून द्यायचं. मेलेल्यांचं काम सोपं. ते जबाब बदलत नाहीत. खरी पंचाईत जिवंत माणसांची, त्यातही गुंगीचं काहीतरी पाजून अत्याचार झालेल्या बायकांची. बाईला काय झालं ते धड आठवत नाही, आणि आठवत नाही हाच तिच्यावरचा पहिला आरोप असतो.

तिचं शरीर मात्र थोडे दिवस आठवण ठेवतं. रक्त म्हणजे एस.टी. स्टँड, पाहुणा आला आणि गेला. लघवीत तो मुक्काम करतो. म्हणून आम्हाला लघवी हवी, तीही जितकी लवकर मिळेल तितकी. आता दवाखान्याची रीत बघा. बाई तपासणीला आली की टेबलावर घ्यायच्या आधी सिस्टर तिला सांगणार, "जा, लघवी करून ये." पोट मोकळं असलं की डॉक्टरांना तपासायला सोपं जातं, रीत काही चुकीची नाही. पण त्या रीतीने त्या काळात अर्धा पुरावा दवाखान्याच्या संडासात वाहून गेला. मग उशिराने काढलेलं रक्त आमच्याकडे यायचं, आम्ही "काही आढळले नाही" असं लिहायचो, आणि आरोपीचा वकील ते झेंड्यासारखं मिरवायचा.

बाटल्यांचंही तेच. एकदा एका पोलीस ठाण्याने लघवी पाठवली ती देशी दारूच्या क्वार्टरच्या बाटलीत. वर लाखेचं सील, कापड, सही, शिक्का, सगळं नियमाप्रमाणे. सोबतच्या पत्रात प्रश्न, "सदर नमुन्यात दारूचा अंश आहे काय?" आमचा शिपाई सोनवणे म्हणाला, "मॅडम, लिहा, आहे. ब्रँडसुद्धा लिहा."

या सोनवणेचीच ठमी. ठमी म्हणजे आमची मांजर. जुन्या इमारतीत उंदीर फार. बाटल्यांवरची लेबलं कुरतडायचे, आणि लेबल गेलं की खून गेला. म्हणून सोनवणेने पंचवटीच्या भाजीबाजारातून एक करड्या रंगाचं पिल्लू पिशवीत घालून आणलं. पुढे तिला आणखी एक काम लागलं, ते सांगायला थोडं धोत्र्याबद्दल सांगायला हवं.

धोत्रा तुम्ही पाहिलेला आहे. काटेरी फळ, महादेवाला वाहतात. आपल्याकडचं गुंगी आणायचं हे सगळ्यात जुनं साधन. सिंहस्थात प्रसाद म्हणून खाल्ला आणि उघड्यावर लुटला गेला असा यात्रेकरू दर वेळी निघायचाच. धोत्रा खाल्लेला माणूस नुसता झोपत नाही. त्याच्या तोंडाला कोरड पडते, गिळता येत नाही, डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. हवेतून दोरे ओढतो, भिंतीशी बोलतो. आता धोत्र्याचा अर्क मांजरीच्या डोळ्यात घातला तर तिचीही बाहुली तशीच मोठी होते. ही तपासणी जुन्या पुस्तकांत होती आणि आमच्याकडे ठमी होती. रसायनांच्या तपासण्या आम्ही आधी करायचोच, पण आमचे साहेब जुन्या वळणाचे. अहवाल पुढे ठेवला की विचारायचे, "मांजर काय म्हणते?"

पुढे दोन हजार सालानंतर मोठं यंत्र आलं. वातानुकूलित खोली, चपला बाहेर. त्यात चिमूटभर झोपेच्या गोळीचाही माग लागतो आणि कुणाच्या डोळ्यात काही घालावं लागत नाही. चांगलंच झालं. मांजरीवर आम्ही जे केलं ते आज कोणी करू नये असंच मी म्हणेन. ठमी त्यानंतर दिवसभर कपाटाखाली अंधारात बसायची आणि सोनवणे आमच्याशी बोलायचा नाही. पण मी सांगतेय ती गोष्ट यंत्राच्या आधीची, नव्वदच्या दशकातली.

गांगुर्डे हवालदार एका सकाळी रक्ताची बाटली घेऊन आले. जाड मिशा, जाड आवाज, कामाला चोख आणि घाई फार.

"बाई लय प्यायलेली होती मॅडम. दारू हाय एवढं लिहून द्या, म्हंजे आमी मोकळे."

"तुम्ही पाहिलं तिला?"

"पाह्यलं ना. परवा बाजारामागं सापडली. भिंतीवरून धागे काढू राह्यली होती. आन् भिंतीला धागेच नाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. "तोंडाला दारूचा वास होता?"

"वास नाय."

"पाणी मागत होती?"

"लय मागत होती. पर पाजलं तर गिळता येईना."

"आणि डोळे?"

"घुबडावानी. आमच्या लेडीज कॉन्स्टेबलनं बॅटरी मारली, तरी बारीकच होईनात." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज जरा उतरला. "दारू नाय का मॅडम?"

त्यांनी मग सगळं सांगितलं. बाईला मी इथे रत्ना म्हणते, हे तिचं नाव नव्हे. नाशिकजवळच्या एका गावची माळ्याची सून, झेंडू आणि मेथी घेऊन बाजारात यायची. त्यांचा माल ज्या दलालाकडे जायचा त्याने गाळ्यावर चहा दिला. ओळखीचा माणूस, घरी जेऊन गेलेला. पुढचं तिला तुकड्यातुकड्याने आठवत होतं. पोलिसांनी ती प्यायली समजून घरच्यांच्या हवाली केली. सासूने तिला हवेत हात मारताना पाहिलं आणि दवाखान्याऐवजी भगताकडे नेली. भगताने लिंबू उतरवून सांगितलं, बाहेरचं आहे, माहेरी ठेवा. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीत आली आणि आईला गाळ्यामागच्या खोलीतलं सांगितलं. आई तिला घेऊन पोलिसांत आली.

"आन् तिची पोरगी?" गांगुर्डे म्हणाले. "तीन वर्षांची हाय. सासूनं ठेवून घेतली. म्हनती, येडीच्या हाती पोर कसं देऊ."

मला संताप आला. त्या दलालाचा आलाच, पण त्या क्षणी सासूचा जास्त आला. ज्या बाईला विष पाजलं तिलाच वेडी ठरवून तिची पोरगी काढून घेतलेली, आणि पोलिसांच्या पत्रात मला विचारलेलं एवढंच की दारू आहे का.

मी तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला. तिथे बोरसे सिस्टर होत्या.

"सिस्टर, त्या बाईची लघवी घेतली होती का?"

"घेतली होती की. दिवस राहिलेत का ते बघायला."

"मग ती फेकली असेल."

"कशी फेकू? डॉक्टरांची सही कुठे झालीय? ते गेलेत मेव्हण्याच्या लग्नाला. मॅडम, आमच्याकडे सहीशिवाय मुंगीसुद्धा मरत नाही. बाटली फ्रिजमध्ये आहे, लशींच्या शेजारी."

सरकारी कारभाराला मी जन्मभर नावं ठेवली, त्या दिवशी नाही ठेवली. त्या अनोळखी मेव्हण्याचा संसार सुखाचा होवो असंही मनात म्हटलं. मग गांगुर्डेंना नवीन पत्र घेऊन पिटाळलं. मी जाऊन बाटली आणली असती तर कोर्टात वकिलाने मलाच आत टाकलं असतं. नमुना पोलिसांनीच ताब्यात घ्यायचा, पंचांसमोर सील करायचा, आणि सील शाबूत असेल तरच आम्ही घ्यायचा. संध्याकाळी ते परत आले, मिशांवर धूळ, हातात खोका.

साहेब मात्र अडून बसले. "पत्रात विचारलं तेवढंच सांगायचं. दारू विचारलीय, दारू बघा."

"नवीन पत्रात कोणतंही विष असं लिहिलंय, साहेब."

"ते कोणी लिहायला सांगितलं?"

"हवालदारांना सुचलं."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. गांगुर्डेंना काय सुचू शकतं याची त्यांना पूर्ण कल्पना होती. पण पत्र होतं, शिक्का होता. मला काम करू दिलं.

लघवीतून विष वेगळं काढायचं, ते वाटीत आटवायचं, त्यावर आम्ल घालून पुन्हा सुकवायचं, आणि शेवटी एक थेंब टाकायचा. धोत्रा असेल तर जांभळा रंग येतो. सुंदर रंग, पण बेभरवशाचा. येतो आणि बघता बघता जातो. म्हणून शेवटचा थेंब टाकायच्या आधी मी साहेबांना हात धरूनच टेबलाशी आणलं. रंग आला, आम्ही दोघांनी पाहिला, गेला.

"हं," साहेब म्हणाले. "मांजर काय म्हणते?"

सोनवणेने ठमीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली आणि तोंड फिरवलं. मी उजव्या डोळ्यात थेंब घातला, डाव्यात नाही. थोड्या वेळाने खिडकीशी नेऊन पाहिलं. डावी बाहुली उन्हात चिरेसारखी बारीक, उजवी काळी आणि वाटोळी, बटणाएवढी. साहेबांनी पेन उघडलं.

खटला उभा राहिला तोवर ठमीला नातवंडं झाली होती. तोवर रत्नाची मुलगी सासरीच वाढली. आई तिला जत्रेत लांबून बघायची, हे मला गांगुर्डेंकडून कळायचं. आमचे अहवाल बहुतेक वेळा नुसते कागद म्हणून कोर्टात जातात. या वेळी आरोपीच्या वकिलाने मलाच उभी करायला लावली, कारण त्याचा सगळा बचावच हा होता की बाईला विषबिष काही नाही, ती मुळातच वेडसर. सासूचा जबाब त्याच्या हातात होता, "सुनेला बाहेरचं आहे." सासू समोर बाकावर बसली होती. तिचा नुकताच मोतीबिंदू काढलेला, डोळ्याला शिबिरातला काळा चष्मा. तिच्यापासून चार हात लांब रत्ना. पदर घट्ट धरलेला, मान खाली नव्हे, नजर माझ्याकडे.

वकीलसाहेब छान माणूस, आवाज गोड. रंगाबद्दल विचारलं, तो टिकत नाही हे वदवून घेतलं. मग मांजरीवर आले.

"मॅडम, या मांजरीचं नाव?"

"ठमी."

कोर्टात हशा झाला. न्यायाधीशांनी वर पाहिलं, हशा बसला.

"या ठमीची त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासणी केली होती?"

"नाही."

"मांजरीची बाहुली अंधारात मोठी होते?"

"होते."

"भीतीने?"

"होते."

"आणि उंदीर दिसला तर?"

"तरीही होते."

"मग आपल्या त्या इमारतीत, जिथे उंदीर भरपूर आहेत असं मी ऐकतो, ठमीने त्याच वेळी एखादा उंदीर पाहिला नसेल कशावरून?" असं म्हणून ते प्रेक्षकांकडे वळले. त्यांना वाटलं, संपलं.

"साहेब," मी म्हटलं, "थेंब एकाच डोळ्यात घातला होता आणि एकच बाहुली मोठी झाली. मांजर एका डोळ्याने उंदीर बघत नाही."

या वेळी न्यायाधीशही हसले, आणि मग त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं टंकलेखकाला सांगितलं. वकीलसाहेब पाणी प्यायले. खोटा विनय मला जमत नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्याबद्दल जे काही बोलले त्यातलं हेच एक वाक्य खरं होतं. त्या दलालाला शिक्षा झाली. तो अपिलात गेला असं ऐकलं, पुढे काय झालं ते माहीत नाही. आम्हाला कोणी कळवत नाही. तपासा, लिहा, साक्ष द्या आणि घरी जाऊन कुकर लावा, एवढीच आमची नोकरी. याचं मला अजून वाईट वाटतं.

पण साक्षीच्याच दुपारी मी प्रयोगशाळेत परतले आणि पाठोपाठ दारात दोघी उभ्या. सासूला नव्या डोळ्याने रस्ता धड दिसत नव्हता, म्हणून तिचा हात धरून आणायला सूनच लागली होती. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या.

"बसा आजी," मी म्हटलं.

"बसाया नाय आले. कोर्टात समदे पगारी बोलत्यात. त्यो वकील पगारी, तुमी बी पगारी. मला ती मांजर दावा."

सोनवणेने ठमीला उचलून टेबलावर ठेवलं. म्हातारीने काळा चष्मा काढून कनवटीला खोवला, ठमीची हनुवटी दोन बोटांत धरली आणि तिला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. ठमी कुणाचंही ऐकायची नाही, त्या दिवशी गप्प बसली.

"दोनी डोळे सारकेच हाईत की."

"हो. तेव्हा दोन-तीन दिवसांत उतरलं."

"परत कधी झालं?"

"कधीच नाही. ते डोळ्याचं दुखणं नव्हतं, आजी. आम्ही घातलेलं औषध होतं."

म्हातारीने ठमीला सोडलं. "मोतीबिंदूच्या टायमाला माज्या डोळ्यात बी थेंब घातलं व्हतं. समदं धुरकट. ऊन झेपेना. नातीचं तोंड वळखू येईना."

"त्याच कुळातलं औषध ते. तुमच्या डोळ्यात घातलं, रत्नाच्या चहात घातलं."

सोनवणेने उगाच एक बाटली पुसली. मग म्हातारी म्हणाली, "पर मला कुनी येडी म्हनलं नाय."

ती सुनेकडे वळली नाही, ठमीकडेच बघून बोलत होती. रत्ना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती रडली नाही. मीच रडले. सरकारी टेबलावर, शिपायासमोर, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

"शाळा सुटायच्या आत पोचायचं तर आत्ताची गाडी धराया लागंल," म्हातारी चष्मा चढवत म्हणाली. "पोरीला आज तूच आन. दप्तर बी घेऊन जा तिचं, ऱ्हाऊ दे तुज्याकडंच."

त्या निघाल्या तेव्हा मी खिडकीत उभी होते. फाटकापर्यंत रत्नाने सासूचा हात धरलेला होता. रस्त्यावर आल्यावर तो सुटला. ती भराभर पुढे निघाली, मग जवळजवळ पळतच. मागून म्हातारी काळ्या चष्म्यातून चाचपडत ओरडत होती, "अगं हळू, मला दिसू नाय राह्यलं." रत्नाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.